पिशवी आली, पण ज्वारी कुठे आहे?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. सभेत झालेली प्रश्नोत्तरे जागेअभावी गाळली आहेत.)



कापसाचा भाव, पीकविमा आणि रात्रीची वीज या विषयांवर माझ्याआधीचे वक्ते बोलून गेले आहेत. मला कार्यकारिणीने वेगळाच विषय दिला. विषय लहान दिसतो, पण त्यावरून आपल्याच कार्यकर्त्यांत भांडण झाले आहे, म्हणून तो उघड्यावर मांडलेला बरा.

गेल्या मार्चमध्ये आपल्या तालुक्यातल्या एका गावात एका मोठ्या कंपनीचे पन्नासेक कर्मचारी आले होते. कंपनीचे नाव मी घेत नाही, त्याची गरजही नाही. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट होते. शाळेच्या पटांगणात मांडव घातला, कापडी फलक लावला, पोरापोरींनी रांगेत उभे राहून पिशव्या भरल्या. तांदूळ, कणीक, डाळ, तेल, मीठ, साखर. उन्हात दिवसभर राबले, ही गोष्ट खरी. दुपारनंतर गावातल्या बायांना रांगेत उभे करून पिशव्या वाटल्या, फोटो काढले आणि संध्याकाळी गाड्या परत गेल्या.

आता त्यांचे पत्र आले आहे. येत्या वर्षी पुन्हा यायचे आहे, तुमच्या शेतकरी कंपनीने गावे सुचवावीत आणि गरजू कुटुंबांची यादी द्यावी, असे त्यात लिहिले आहे. यावर आपल्यात दोन तट पडले. एक तट म्हणतो, "आम्ही काय भिकारी आहो? जगाला खाऊ घालणाऱ्यानं रांगेत उभं राहाचं?" दुसरा तट म्हणतो, "येते ते येऊ द्या ना बाप्पा. तुमच्या अभिमानापायी आमच्या पोराच्या तोंडचं काहून काढता?"

दोन्ही तट खरे बोलत आहेत. म्हणूनच याचा निकाल रागाने लावता येणार नाही. हिशोबाने लावावा लागेल.

तो टी-शर्ट मीही घातला आहे

आधी माझी कबुली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलो आणि २००३ साली शेतीमालाच्या धंद्यातल्या एका कंपनीत लागलो. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली होती. मी मोटारसायकलवर गावोगाव फिरत होतो. मारुतीच्या पारावर, शाळेच्या खोलीत सभा घेत होतो. सांगत होतो की ज्वारीत आता काही राहिले नाही. परतीच्या पावसात सापडली की कणीस काळे पडते. पाखरे खातात, रानडुकरे लोळतात, सोंगणीला मजूर मिळत नाही. एवढे करून बाजारात नेली की व्यापारी नाक मुरडतो. त्यापेक्षा पऱ्हाटी वाढवा, सोयाबीन लावा.

मी खोटे सांगत नव्हतो. एकरी नफ्याचा माझा हिशोब कागदावर बरोबर होता. पण त्या कागदावर तीन गोष्टी नव्हत्या. घरच्या कणगीत वर्षभर पडून राहणारी ज्वारी नव्हती, बैलाच्या तोंडचा कडबा नव्हता, आणि ज्वारीच्या ओळींत येणारे मूग, उडीद, तूर नव्हते. कारण या गोष्टी विकल्या जात नाहीत, खाल्ल्या जातात. जे विकले जात नाही ते मला विद्यापीठात मोजायला शिकवले नव्हते. पऱ्हाटी खाता येत नाही, हे समजायला कृषीची पदवी लागत नाही. पण मला पदवी असूनही ते समजले नाही.

पुढे २०१५ च्या मार्चमध्ये आमच्या कंपनीने 'भुकेविरुद्ध एक दिवस' असा कार्यक्रम केला. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे गेलो. मीही टी-शर्ट घालून तांदूळ मापला. खोटे कशाला बोलू, संध्याकाळी मन भरून आले होते. आपण काहीतरी चांगले केले असे वाटत होते. पिशव्या वाटताना एका म्हातारीने पिशवीत हात घालून चाचपले आणि मला विचारले, "अन् यात जवारी नाई का बाप्पा?"

नाही म्हणालो. पुढच्या बाईला पिशवी दिली. गाडीत बसल्यावर आठवले की नऊ वर्षांपूर्वी याच गावात मी सभा घेऊन गेलो होतो, ज्वारी सोडा म्हणून. म्हातारीने मला ओळखले नव्हते. मला मात्र गाव ओळखू आले.

लगेच राजीनामा दिला असे समजू नका. दोन वर्षे तीच नोकरी करत होतो. पण म्हातारीचा प्रश्न काही पाठ सोडेना. आज तोच प्रश्न घेऊन तुमच्यासमोर उभा आहे.

कायदा काय म्हणतो

कंपन्या अचानक गावाकडे का यायला लागल्या, ते समजून घेऊ. २०१३ च्या कंपनी कायद्यात १३५ वे कलम आहे आणि ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे. कोणत्या कामावर, याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. त्या यादीत पहिल्याच ओळीत भूक, गरिबी आणि कुपोषण यांचे निर्मूलन लिहिले आहे.

म्हणजे पिशवीचा पैसा ही कोणाची मेहेरबानी नाही, ते कायद्याने ठरवलेले काम आहे. म्हणून घेणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू पाहा. कर्मचाऱ्यांनी अशा कामात वेळ दिला तर त्या वेळेची किंमत लावून ती या २ टक्क्यांत धरता येत नाही, असा खुलासा केंद्र सरकारने २०२१ साली केला आहे. याचा अर्थ असा की पैसा कंपनीला द्यावाच लागतो, पण दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या पोरीचा घाम कंपनीच्या हिशोबात मांडला जात नाही. तो तिने दिलेला आहे. त्याची टवाळी करू नका. टी-शर्टमधली ती पोर बहुतेक वेळा आपल्यासारख्याच घरातून शिकून गेलेली असते. बापाने एकर-दोन एकर विकून तिला शिकवलेले असते.

कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. कंपनी जिथे काम करते त्या भागाला आणि आसपासच्या परिसराला खर्चात प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटले आहे. ऐकायला हे चांगले आहे. पण जिथे कारखानाच नाही त्या कोरडवाहू तालुक्याला 'स्थानिक' कोण म्हणणार? आमचा कापूस कारखान्यात जातो, आमचे सोयाबीन तेलाच्या गिरणीत जाते. पण कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात आणि कंपनीचे कार्यालय मुंबईत. माल इथला, नफा तिथला, आणि भूकही तिथलीच 'स्थानिक'. कंपनीला पत्राचे उत्तर देताना हे पहिल्या ओळीत लिहा. ज्या भागातून कच्चा माल उचलता तो भागही तुमच्या परिसरात धरा.

मिलो आणि अमेरिकेची फूड बँक

इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना मिलो आठवत असेल. लाल, कडक ज्वारी. अमेरिकेने १९५४ साली पीएल ४८० नावाचा कायदा केला आणि आपल्या शेतकऱ्यांचे जास्तीचे धान्य इतर देशांना द्यायला सुरुवात केली. १९७२ च्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायला जायची आणि घरी मिलोची भाकर व्हायची. त्या मिलोने माणसे जगली. ज्याने खाल्ली त्याने तिला नावे ठेवली, पण खाल्ली. मात्र तिकडे ते धान्य मुख्यतः जनावरांसाठी पिकते, आणि देण्यात आपली कोठारे रिकामी करण्याची त्यांची गरजही होती. देणाऱ्याची गरज आणि घेणाऱ्याची गरज दोन्ही एकाच पोत्यात येतात, हे तेव्हापासून आपल्याला माहीत आहे.

त्याच अमेरिकेत १९६७ साली ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स गावी जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थांनी पहिली फूड बँक काढली. दुकानात उरलेले, विकले न जाणारे पण खाण्याजोगे अन्न गोळा करायचे आणि गरजूंना द्यायचे. १९७६ साली तिथल्या करकायद्यात असा माल दान करणाऱ्या कंपन्यांना सवलत मिळाली. आज तिथे सुमारे २०० फूड बँकांचे जाळे आहे. कंपन्यांचे कर्मचारी गटागटाने जातात, डबे निवडतात, खोकी भरतात. आपल्याकडे मांडवात जे चालले होते त्याचे मूळ तिथे आहे.

मग तिथली भूक संपली का? तिथल्या शेती खात्याचीच मोजणी आहे. २०२१ साली शंभरातली दहा घरे अशी होती की ज्यांना वर्षभरात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. २०२३ साली अशी घरे शंभरात साडेतेरा झाली. फूड बँका २०२१ मध्ये होत्या आणि २०२३ मध्येही होत्या. फरक कशाचा पडला? कोरोनाच्या काळात सरकारने घरोघरी रोख पैसा दिला होता, तो पुढे बंद झाला आणि खाण्यापिण्याच्या वस्तू महागल्या. पिशव्या भरणारे हात तेवढेच राहिले. घरात येणारा पैसा घटला, आणि भूक वाढली.

यावरून फूड बँक वाईट असे मी म्हणत नाही. त्या रात्री ज्याच्या घरी चूल पेटली त्याला विचारा. मी एवढेच म्हणतो की पिशवीने आजची भूक भागते. उद्या भूक लागेल की नाही, हे घरातल्या मिळकतीवर ठरते.

आपल्या देशातले एक उदाहरण वेगळे आहे. बंगळुरूला २००० साली अक्षय पात्र हे काम ५ शाळांतल्या १५०० मुलांपासून सुरू झाले. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला, आणि सरकारचे धान्य, देणगीदारांचा पैसा आणि मोठी स्वयंपाकघरे यांची जोड बसली. ते काम टिकले याचे कारण साधे आहे. शाळा भरते त्या प्रत्येक दिवशी जेवण द्यायचे, असे त्यांनी ठरवले. भूक रोज लागते. तिच्यासाठी वर्षातून एक दिवस ठेवून भागत नाही.

आपली भूक कोणत्या महिन्यात येते

आता आपल्या घरात पाहू. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी भूक कधी येते? दिवाळीनंतर कापूस निघतो, हातात चार पैसे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जिथे रब्बी ज्वारी आहे तिथे ती घरात येते. खरी ओढाताण सुरू होते ती जूनमध्ये. बियाणे आणले, खत आणले, कृषी केंद्राची उधारी झाली, पोरांच्या शाळा उघडल्या. आषाढ लागतो तेव्हा कणगीचा तळ दिसतो. निंदणाची मजुरी पावसावर. पाऊस लांबला तर कामही नाही. श्रावण-भादव्यापर्यंत ही ओढ असते. उपासाचे महिने आपल्याकडे नेमके तेव्हाच येतात. ज्या घरात असेही काही नव्हते त्या घरातल्या बाईने उपासाच्या नावाखाली किती दिवस काढले असतील, ते तिलाच माहीत.

आणि कंपनी कधी येते? मार्चमध्ये. कारण ३१ मार्चला तिचे वर्ष संपते आणि खर्च दाखवायचा असतो. तिच्या वर्षाचा आणि आमच्या पोटाच्या वर्षाचा मेळच बसत नाही.

भूक म्हणजे फक्त रिकामे पोट नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. उंचीच्या मानाने वाळलेली मुले आपल्या राज्यात शंभरात सुमारे २६ होती आणि देशात १९. शंभरातल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी होते. हे श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्याचे आकडे आहेत. आता पिशवीतला तांदूळ पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते, पॉलिश केलेल्या तांदळात १ मिलिग्रॅमही नसते. प्रथिनेही ज्वारीत जास्त. त्या म्हातारीने हे पुस्तकात वाचले नव्हते. पण पोटाला काय धरते ते तिला ठाऊक होते.

सरकारनेही हेच केले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर होते. २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. पण आपल्या दुकानात वर्षानुवर्षे आले काय? मुख्यतः गहू आणि तांदूळ. २०१५ साली मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना माणशी ५ किलो धान्य सुरू झाले, त्यातही गहू-तांदूळच. २०२३ साली ते धान्य बंद करून घरातल्या बाईच्या खात्यात माणशी महिना १५० रुपये द्यायचे ठरले. म्हणजे ५ किलोला १५०, किलोमागे ३० रुपये. ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्यात ज्वारी मात्र बराच काळ ना रेशनमध्ये दिसली, ना पिशवीत.

पन्नास माणसांचा एक दिवस

आता हिशोब करू. हे आकडे मी समजुतीसाठी धरतो आहे.

पन्नास माणसांनी दिवसभरात दहा किलोच्या ५०० पिशव्या भरल्या असे समजा. एकूण ५० क्विंटल माल झाला. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो लागले तर एक पिशवी पाच दिवस पुरते. पाचशे घरांना पाच दिवस. हे काही कमी नाही. पण सहाव्या दिवशी काय?

हाच ५० क्विंटल माल ज्वारीचा असता आणि आपल्या शेतकरी कंपनीकडून घेतला असता तर? २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये होता, मालदांडीचा ३७४९. संकरित धरली तरी १ लाख ८४ हजार ९५० रुपये आपल्याच गावांत आले असते. पिशवी तेवढ्याच घरांत गेली असती आणि ज्वारी पेरणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा पेरण्याचे कारण मिळाले असते. एकाच पैशाने दोन घरांत चूल पेटली असती.

तिसरा हिशोब वेळेचा. पन्नास माणसे, आठ तास, म्हणजे ४०० तास. ही माणसे संगणकावर बसणारी आहेत. कागद कसा भरायचा, कोणत्या अर्जाला काय उत्तर मागायचे, हे त्यांना येते. आपल्या गावात अशी घरे आहेत की ज्यांच्या रेशनकार्डात लहान पोराचे नाव चढले नाही, लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरच राहिले, म्हाताऱ्याचा अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून ई-केवायसी अडली. एका घराच्या कामाला दोन तास लागले असे धरा. ४०० तासांत २०० घरे झाली. प्रत्येक घरात एका नावाचे काम झाले तर महिन्याला ५ किलो, वर्षाला ६० किलो. २०० नावांचे १२० क्विंटल. आणि हे दरवर्षी, मांडव न घालता.

यात अडचण आहे, तीही सांगतो. तहसीलमध्ये गेलो की "इष्टांक भरला" असे उत्तर मिळते. सात कोटींचा हा आकडा २०११ च्या जनगणनेवर बसवलेला आहे. तेव्हा जन्मली नव्हती ती पोरे आता शाळेत जातात. म्हणून सगळी नावे लगेच चढणार नाहीत. पण ज्यांचे अर्ज लेखी गेले, ज्यांची पोच हातात आहे, त्यांच्यासाठी भांडता येते. तोंडी सांगितलेल्या भुकेसाठी कोणीच भांडत नाही.

आपल्याच अंगणातला प्रश्न

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या. आता थोडे कडू बोलतो.

ज्वारीला भाव मिळाला की भुकेचा प्रश्न सुटला, असे आपण सभांत म्हणतो. ज्याला शेत आहे त्याच्यासाठी ते बरेचसे खरे आहे. पण गावाच्या कडेला राहणारी, ज्यांच्याकडे गुंठाही नाही अशी माणसे ज्वारी विकत नाहीत, विकत घेतात. किलोला ३७ रुपये झाले तर आपण फटाके लावू. आपल्याच वावरात निंदण करणाऱ्या बाईने ती ३७ रुपये किलोने कशी घ्यायची? तिची मजुरी त्या मापाने वाढवायला आपण तयार आहो का? एकट्या म्हाताऱ्या, टाकलेल्या बाया, आजारी माणसांची घरे यांना भावाची लढाई जिंकेपर्यंत थांबा असे सांगण्याचा हक्क आपल्याला नाही.

म्हणून "आम्ही काय भिकारी आहो" असे म्हणणाऱ्या भावांना मी हात जोडून सांगतो. ज्याच्या घरी कणगी भरलेली आहे त्याने दुसऱ्याची पिशवी परत पाठवू नये. तुम्हाला ती नको असेल तर रांगेत उभे राहू नका. पण नाही म्हणायचे तर ज्याच्या पुढे पिशवी धरली आहे त्याने म्हणावे.

आणि "येते ते घ्या" म्हणणाऱ्यांनाही सांगतो. यादी करताना पहिली नावे कोणाची होती, ते आपण मार्चमध्ये पाहिले. ज्यांच्या दारात मोटारसायकल उभी होती त्यांच्या घरीही पिशव्या गेल्या, आणि गावाच्या टोकाच्या तीन घरांत गेल्या नाहीत. ती यादी कंपनीने केली नव्हती. आपल्याच माणसांनी केली होती.

कंपनीला काय कळवायचे

कार्यकारिणीपुढे मी पत्राच्या उत्तराचा मसुदा ठेवला आहे. त्यात चार गोष्टी आहेत. तुम्ही त्यात भर घाला, चुकले असेल तर दुरुस्त करा.

पहिली गोष्ट, या. पण पिशवीत ज्वारी आणि तूरडाळ इथली असावी, शेतकरी कंपनीकडून घेतलेली, हमीभावाच्या खाली नाही. आणि एवढ्यावर थांबू नका. तुमच्या कार्यालयात रोज हजारो लोक जेवतात. तिथल्या ताटात आठवड्यातून दोन दिवस भाकर ठेवा आणि त्यासाठी वर्षभराचा सौदा करा. २०२३ साली जगभर भरड धान्य वर्ष साजरे झाले. भाषणे झाली, फलक लागले. आता खरेदीची पावती फाडा.

दुसरी गोष्ट, मार्चमध्ये पैसा खर्च करा, पण धान्य आषाढात वाटा. त्यासाठी गावात साठवण लागेल. त्या पैशातून गावची कणगी उभी करू. लहान गोदाम, वजनकाटा, ओलावा मोजायचे यंत्र. सुगीत ज्याला जमेल त्याने त्यात पायलीभर ज्वारी घालावी, आषाढात अडलेल्या घराने उचलावी आणि पुढच्या सुगीत परत करावी. ज्या घराला परत करणे शक्य नाही त्याच्या वाट्याचे कंपनीने भरावे. उसने नेणाऱ्याला रांग लागत नाही आणि फोटोही लागत नाही.

तिसरी गोष्ट, पन्नास माणसे एक दिवस आणण्यापेक्षा चार माणसे महिन्यातून एक दिवस, वर्षभर पाठवा. तीच चार माणसे. त्यांनी रेशनचे अर्ज भरावेत, विम्याच्या तक्रारी वेळेत टाकाव्यात, आमच्या शेतकरी कंपनीचे हिशोब नीट लावून द्यावेत, पीठ-रवा विकायला लागणारा अन्नपरवाना काढून द्यावा. आपलीही कंपनीच आहे. २००२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून शेतकऱ्यांना अशी कंपनी काढता येते. फरक एवढाच की आपल्याकडे हिशोबनीस नाही आणि त्यांच्याकडे मजल्यावर मजले भरून हिशोबनीस आहेत. हात आमच्याकडे पुष्कळ आहेत. आम्हाला उणीव आहे ती कागद हलवणाऱ्यांची.

चौथी गोष्ट, यादी ग्रामसभेत वाचली जाईल आणि बचतगटाच्या बाया ती तपासतील. धान्य घरी पोचवले जाईल. घेणाऱ्याचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय छापला जाणार नाही. फोटो काढायचाच असेल तर ज्वारीच्या पोत्यांचा काढा, त्यांना लाज वाटत नाही.

यातल्या किती गोष्टी त्यांना मान्य होतील? कदाचित एकच. एक झाली तरी ती घेऊ. चारही नाकारल्या तरी त्यांच्याशी भांडण नाही. ज्यांना पिशवी हवी त्यांना ती मिळू द्या. पण मग ते काम त्यांचे राहील. आपल्या शिक्क्याने ते होणार नाही.

आपण काय करायचे

दुसऱ्याकडे मागताना आपली ओंजळही दाखवावी लागते. म्हणून शेवटी आपल्यासाठी एक काम. येत्या हंगामात इथे बसलेल्या प्रत्येकाने अर्धा एकर ज्वारी पेरावी. ज्याला एवढे जमत नाही त्याने पऱ्हाटीत चार ओळी टाकाव्यात. नफ्यासाठी नाही. घरच्या भाकरीसाठी, बैलाच्या कडब्यासाठी आणि गावच्या कणगीत पायलीभर घालण्यासाठी. परतीच्या पावसात काळी पडू नये म्हणून लवकर निघणारे वाण घ्या आणि एका शिवारात सगळ्यांनी मिळून पेरा, म्हणजे पाखरांचा मार एकट्याच्या वावरावर पडणार नाही. वीस वर्षांपूर्वी मी तुमच्याच पारावर बसून उलटे सांगितले होते. तेव्हा तुम्ही माझे ऐकले आणि नुकसान तुमचे झाले. आज ऐकायचे की नाही ते तुम्ही ठरवा. पण या वेळी मीही माझ्या दोन एकरांत पेरतो आहे.

ती म्हातारी आता हयात नाही. तिच्या प्रश्नाला मी तेव्हा फक्त "नाही" म्हणालो होतो. पुढच्या आषाढात कुणी पिशवीत हात घालून तोच प्रश्न विचारला, तर "आहे माय, आपल्याच गावची आहे" असे उत्तर देता आले पाहिजे.

एवढे बोलून मी मसुदा सभेपुढे ठेवतो.